पंधरा की पन्नास? लेबर रूममधलं एक पोस्टिंग

जुलैची दुपार होती. पावसानं समोरच्या पार्किंगमधल्या गाड्याही दिसत नव्हत्या आणि लेबर रूममध्ये तिन्ही टेबलं भरलेली. मधल्या टेबलावरच्या बाईला कळा वाढवणाऱ्या ऑक्सिटोसिनची ड्रिप चालू होती. ट्रे आवरता आवरता सिस्टरनी पाठीमागून, मास्कमधून सांगितलं, "ड्रिप फिफ्टीन कर." ड्रिपपाशी सहाव्या सेमिस्टरची विद्यार्थिनी उभी होती. तिनं रेग्युलेटरवरचा हात काढला, मागं वळली आणि विचारलं, "फिफ्टीन काय फिफ्टी, सिस्टर?"

"कितें गो, आयकूंक येना तुका?"

घडलं ते एवढंच. ड्रिप पंधरावरच लागली. बाईची तासाभरात सुखरूप सुटका झाली, मुलगी झाली. संध्याकाळी मात्र माझ्या हातात लेबर रूमच्या इन्चार्ज सिस्टरांची तीन ओळींची लेखी तक्रार आली. विद्यार्थिनीला ऐकू येत नाही, तिला लेबर रूममध्ये ठेवणं धोक्याचं आहे, तिचं पोस्टिंग बदलावं.

मी गोव्यातल्या एका नर्सिंग कॉलेजात क्लिनिकल इन्स्ट्रक्टर आहे. कॉलेज कुठलं, हॉस्पिटल कुठलं ते इथं सांगत नाही. मुलीची ओळख पटेल असे तपशीलही बदलले आहेत. प्रसंग मात्र बदललेला नाही.

ज्यांनी ड्रिपचे थेंब मोजलेले नाहीत त्यांच्यासाठी थोडा हिशेब. वीस थेंबांना एक मिली या सेटवर मिनिटाला १५ थेंब म्हणजे तासाला ४५ मिली आणि ५० थेंब म्हणजे १५० मिली. तिपटीहून जास्त. ऑक्सिटोसिन इतक्या वेगानं गेलं तर कळा एकीमागून एक येतात, मधे गर्भाशयाला सैल पडायला उसंत मिळत नाही आणि बाळाचा प्राणवायू कमी पडू लागतो. आधीचं सिझेरियन असेल तर जुना टाका उसवायची भीती. म्हणूनच हे औषध जास्त जोखमीच्या यादीत असतं, आणि म्हणूनच नीट ऐकू न आलेला आकडा पुन्हा विचारायचा असतो. तिनं तेच केलं होतं. आम्ही वर्गात तीन वर्षं जे शिकवतो ते वॉर्डात केलं म्हणून तिच्यावर तक्रार आली. हे माझ्या लक्षात आलं तेव्हा रात्र झाली होती. संध्याकाळी तक्रार वाचून मीही आधी तिच्यावरच चिडले होते.

मुलगी

डिचोली तालुक्यातली. लहानपणी मेंदूज्वर झाला आणि दोन्ही कानांची ऐकण्याची ताकद कमी झाली. कानामागं मशीन लावते, केस मोकळे सोडून ते झाकते. रोज कदंबाच्या बसनं ये-जा. वर्गात पहिल्या बाकावर, उजव्या कडेला. दुसऱ्या सेमिस्टरपासून मी पाहत होते की राउंडला ती नेहमी डॉक्टरच्या समोर येऊन उभी राहते, बाजूला कधीच नाही. मला वाटायचं, हुशार आहे, पुढं पुढं करते. विचारलं कधीच नाही. ही माझी चूक, आणि या प्रकरणातली सगळ्यात जुनी चूकही तीच.

दुसऱ्या दिवशी तिला स्टाफरूममध्ये बसवून विचारलं तर आधी रडली. मग म्हणाली, "प्रवेशाच्या वेळी सांगितलं असतं तर फिटनेसलाच काढून टाकलं असतं, मॅडम."

ती भीती अगदीच पोकळ नव्हती. भारतीय परिचर्या परिषदेच्या नियमांत बी.एस्सी. नर्सिंगला दिव्यांगांसाठी ५ टक्के जागा आहेत, पण त्या पायांचं ४० ते ५० टक्के अपंगत्व असलेल्यांना. कानाचा त्यात उल्लेख नाही. (रंगांधळ्या विद्यार्थ्याला मात्र रंग दुरुस्त करणारा चष्मा किंवा लेन्स लावून प्रवेश मिळतो. म्हणजे साधन लावून उणीव भरून काढता येते हे परिषदेला मान्य आहे. डोळ्याला जे चालतं ते कानाला का चालू नये, हा माझा प्रश्न.) ती सर्वसाधारण जागेवर, आपल्या गुणांवर आली होती आणि तीन वर्षं केसांखाली मशीन लपवून शिकत होती.

तिचा ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याच्या चाचणीचा आलेख, मागवला. दोन्ही कानांची सरासरी हानी पन्नाशीच्या थोडी वर, ५२ डेसिबल. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या परिशिष्टात दोन्ही कानांना ७० डेसिबलची हानी असेल तर बहिरेपण, आणि ६० ते ७० असेल तर ऐकायला कमी येणं. ५२ कशातच बसत नाही. म्हणून प्रमाणपत्र नाही, यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) नाही. कागदावर तिला काहीच झालेलं नाही आणि लेबर रूममध्ये तिला ठेवणं धोक्याचं! दोन्ही गोष्टी एकाच मुलीबद्दल.

प्राचार्यांनी हाच मुद्दा काढला. प्रमाणपत्र नाही तर सवलत कशाच्या आधारावर द्यायची? मी वकील नाही, पण कायदा वाचला. त्यात दिव्यांग व्यक्तीची मूळ व्याख्या टक्क्यांत नाही. दीर्घकाळची उणीव आणि समोरचे अडथळे मिळून ज्या माणसाच्या सहभागाला खीळ बसते, तो. ४० टक्क्यांची अट आरक्षणासारख्या लाभांसाठी आहे. ११ फेब्रुवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयानं विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या खटल्यात हेच सांगितलं. लिहिताना हात आखडणाऱ्या त्या उमेदवाराला ४० टक्के अपंगत्व नाही म्हणून लेखनिक नाकारला गेला होता. न्यायालय म्हणालं, वाजवी सोय मिळण्याचा हक्क त्या टक्क्यांना बांधलेला नाही. पुढं १५ ऑक्टोबर २०२४ च्या ओंकार गोंड प्रकरणात, वाचादोष असलेल्या एमबीबीएसच्या विद्यार्थ्याबाबत, न्यायालयानं म्हटलं की नुसत्या टक्क्यांवरून प्रवेश नाकारू नका, या विद्यार्थ्याला हा अभ्यासक्रम पुरा करता येईल का ते तपासा. तो खटला वैद्यकीय प्रवेशाचा होता, नर्सिंगचा नव्हे, हे मला कळतं. पण तपासायचं काय, तो प्रश्न त्यानं नीट मांडून दिला.

प्राचार्यांनी कागद ठेवून घेतला आणि म्हणाल्या, "बरं. पण इन्चार्जना कायदा सांगायला जाऊ नकोस." शहाणा सल्ला होता.

बैठक

इन्चार्ज सिस्टरांबद्दल एक गोष्ट आधीच सांगते. त्या दुष्ट नाहीत. रात्री दोन स्टाफ, तीन टेबलं, त्यात प्रत्येक बॅचचे आठ-दहा विद्यार्थी अंगावर. त्यांचा सवाल सरळ होता, "बाळाचे ठोके हिला ऐकू आले नाहीत तर जबाबदार कोण? तुम्ही दोन वाजता घरी जाता."

बैठकीत पहिला तोडगा आला तो सगळ्यांनाच सोयीचा होता. उरलेले दिवस तिला बाळंतिणींच्या वॉर्डात पाठवायचं आणि लेबर रूमची लॉगबुक कशीतरी भरून घ्यायची. वरवर दयाळू वाटतं. पण आमच्या अभ्यासक्रमात प्रत्येक प्रात्यक्षिक विभागाची हजेरी पदवीपूर्वी शंभर टक्के भरावी लागते, आणि या एकाच पदवीवर मुलीची नोंद नर्स म्हणून आणि मिडवाइफ म्हणूनही होते. एकही बाळंतपण हातून न झालेली मिडवाइफ आम्ही सही करून बाहेर सोडणार होतो. त्यातला धोका मात्र कुणी तक्रारीत लिहिला नव्हता.

दुसरा तोडगा माझा. तिच्याबरोबर एक चांगलं ऐकू येणारी मैत्रीण कायम जोडून द्यायची. मला तो फार आवडला होता. मुलीनं एका वाक्यात मोडीत काढला, "मग परीक्षा तिचीच होईल, मॅडम."

मग कागद घेतला. मधे उभी रेघ मारली. डावीकडे लिहिलं काय साधायचं आहे आणि उजवीकडे ते आपण आज कसं करतो. डावीकडे 'बाळाचे ठोके मिनिटाला ११० ते १६० मध्ये आहेत का आणि कळेनंतर उतरतात का हे ओळखणं'. उजवीकडे 'फेटोस्कोप (पोटावर टेकवून बाळाचे ठोके ऐकायची नळी) कानाला लावून'. रेघ मारल्यावर दिसलं की आम्ही वर्षानुवर्षं उजव्या बाजूचीच परीक्षा घेत आलो होतो. आणि तो फेटोस्कोप तरी काय? पिनार्ड या फ्रेंच डॉक्टरनं १८९५ मध्ये लाकडी शिंग केलं ते माणसाच्या कानाला पोटातलं बाळ धड ऐकू येत नाही म्हणूनच. ते आपण साधन म्हणून मोजत नाही, कारण ते आपल्या सगळ्यांनाच लागतं.

ऐकणं कुठं अडत होतं

इथं आम्हा सगळ्यांचा अंदाज चुकला. सगळ्यांना धास्ती होती स्टेथोस्कोपची. ऑडिओलॉजिस्टनी आलेखावर बोट ठेवून दाखवलं की तिची हानी खालच्या सुरांत कमी आणि वरच्या सुरांत जास्त आहे. हृदयाचे ठोके, बीपी घेतानाचे ठोके हे सगळे खालच्या सुराचे आवाज. स्वरही तिला बऱ्यापैकी ऐकू येतात. हरवतात ती व्यंजनं, स, त, ट, फ असली वरच्या सुराची. आणि 'फिफ्टीन' व 'फिफ्टी' यांच्यातला फरक तर शेवटच्या बारीकशा 'न'चा, तिच्या कानाला मिळेल न मिळेल असा. त्यात मास्कनं ओठ झाकलेले, आवाज पाठीमागून आणि स्टीलच्या ट्रेचा खणखणाट मशीननं मोठा करून कानात ओतलेला. अडचण स्टेथोस्कोपात नव्हतीच. ती आमच्या बोलण्यात होती.

तरी स्टेथोस्कोपचं काम सोडवावं लागलंच. कानात मशीनचा साचा असताना नेहमीच्या स्टेथोस्कोपच्या गोळ्या बसत नाहीत, आणि मशीन काढलं तर पुढची हाक ऐकू येत नाही. फेटोस्कोप टेकवला की मशीन शिटी मारतं. ठोक्यांसाठी हातातला डॉप्लर, म्हणजे बाळाचे ठोके मोठ्यानं ऐकवणारं छोटं यंत्र होतं, वॉर्डातच, कपाटात. त्यावर आकडाही दिसतो. पण डॉप्लर कधी कधी आईचीच नाडी पकडतो आणि ती बाळाची समजून आपण निर्धास्त होतो. म्हणून नियम केला की डॉप्लर पोटावर असताना दुसऱ्या हाताचं बोट आईच्या मनगटावर. दोन आकडे वेगळे आले तरच लिहायचं.

मग इन्चार्जांची खात्री पटावी म्हणून चाचणी घेतली. ती डॉप्लरनं, मी फेटोस्कोपनं, एकाच बाईचे ठोके दोघींनी वेगवेगळ्या चिठ्ठीवर लिहायचे. बहुतेक वेळा चार-पाच ठोक्यांचा फरक. एकदा मात्र तिचे १४२ आणि माझे १२४. इन्चार्जांनी माझ्याकडे पाहिलं. पुन्हा दोघींनी पूर्ण मिनिटभर मोजलं. चूक माझी निघाली, मी पंधरा सेकंद मोजून चारनं गुणलं होतं. इन्चार्ज काही बोलल्या नाहीत. चिठ्ठ्या घडी करून खिशात ठेवल्या.

बीपीला डिजिटल मशीन वापरू द्या असं एका सहकारी ट्यूटरनं सुचवलं. मी नाही म्हटलं. गरोदरपणात वाढलेल्या रक्तदाबात, प्रीएक्लॅम्पसियात, बरीच स्वयंचलित यंत्रं खरा आकडा कमी दाखवतात. आणि लेबर रूममध्ये ज्या बाईचं बीपी अचूक हवं असतं ती नेमकी हीच. सोय करायची म्हणून आईला धोका पत्करायला लावायचा नाही, ही रेघ आम्ही तिथं ओढली. इलेक्ट्रॉनिक स्टेथोस्कोप लागला. आवाज वाढवून तो हेडफोनमध्ये देतो, हेडफोन मशीनवरून बसतो. तिच्या वडिलांनी घेऊन दिला. कॉलेजनं द्यायला हवा होता.

बोलण्याच्या बाबतीत इन्चार्ज दोन गोष्टींना तयार झाल्या आणि एकीला नाही. पहिली, तोंडी सांगितलेला कुठलाही डोस किंवा थेंब ऐकणाऱ्यानं मोठ्यानं परत म्हणायचा आणि सांगणाऱ्यानं 'हो' म्हणायचं. आकडे सुटे बोलायचे, 'वन-फाइव्ह', 'फाइव्ह-झीरो'. फक्त तिनं नव्हे, सगळ्यांनी. दुसरी, तिला मागून हाक मारायची नाही, समोर यायचं किंवा खांद्याला हात लावायचा. तिसरी, ड्युटी बदलताना हँडओव्हर शेजारच्या शांत खोलीत द्यायचा, याला त्यांनी साफ नकार दिला. टेबलावरच्या बायका सोडून खोलीत कोण जाणार? बरोबरच होतं. मग मुलीनंच वाट काढली. ती दहा मिनिटं आधी येऊन रिपोर्ट बुक वाचून ठेवू लागली. काय बोललं जाणार आहे ते आधी ठाऊक असलं की ओठ आणि अर्धेमुर्धे शब्द पुरतात. या उपायाला पैसा लागला नाही, परवानगी लागली नाही, आणि सगळ्यात जास्त उपयोग याचाच झाला.

हाताचं तिचं कसब आधीपासून होतं. पोटावर हात ठेवून कळ कधी सुरू झाली, किती सेकंद टिकली, हे ती बॅचमध्ये सगळ्यात नेमकं सांगायची. त्याचं कौतुक करायचं कुणाला सुचलं नव्हतं, मलाही नाही.

जे जमलं नाही

पारदर्शक मास्क मागवून पाहिले. गोव्याच्या पावसाळी हवेत दहा मिनिटांत आतून धुकं धरतं, ओठ दिसणं राहिलं बाजूला. कपाटात पडून आहेत.

दमटपणानं मशीनही दगा देतं. ऑगस्टमध्ये एकदा ड्युटी चालू असताना डाव्या कानाचं बंद पडलं. तिनं ते लगेच सांगितलं, आणि मला तेवढं पुरे होतं. पूर्वी तिनं लपवलं असतं. आता रात्री सिलिका जेलच्या डबीत मशीन ठेवते आणि खिशात बॅटरीचं जादा पान. सिझेरियनला थिएटरात गेली तर टोपीची नाडी कानावर बसून शिटी वाजे, त्याला मोठी टोपी हाच उपाय.

बॅचमध्ये कुजबुज झाली. "तिला डॉप्लर आणि आम्हाला फेटोस्कोप?" यावर आम्ही सगळ्यांना दोन्ही शिकवलं, तिलाही फेटोस्कोप हाताळायला लावला. तरी एक-दोघींच्या मनातली अढी गेली नाही. एका बाळंतिणीच्या सासूनं कानातलं मशीन पाहून दुसरी नर्स मागितली. मुलगी शांतपणे म्हणाली, "मावशी, मला समोर बघून बोला, मला सगळं समजतं." सासू काही समोर बघून बोलली नाही. कर्नाटकातून कामाला आलेल्या बायकांचं कन्नड तिला ओठांवरून समजत नाही. मला कानांनीही समजत नाही, त्यामुळे त्या बाबतीत आम्ही दोघी सारख्याच.

मूल्यमापनाचा पेच तर आम्ही नीट सोडवलाच नाही. ज्या इन्चार्जांनी तक्रार केली त्यांचीच सही तिच्या क्लिनिकल मूल्यमापनावर हवी होती. ब्रिटनमध्ये २०१८ च्या मानकांपासून विद्यार्थ्याला वॉर्डात शिकवणारी व्यक्ती आणि त्याचं मूल्यमापन करणारी व्यक्ती वेगळी ठेवतात. आपल्याकडे दोन्ही कामं बहुधा त्याच दोन-चार जणांकडे. आम्ही दुसऱ्या गटाच्या ट्यूटरना बोलावून तिच्या हातचं एक बाळंतपण पूर्ण पाहायला लावलं आणि गुण त्यांनी दिले. पण ही झाली ओळखीपाळखीतली सोय, नियम नव्हे. पुढच्या वेळी त्या ट्यूटर रजेवर असतील तर?

विद्यापीठाच्या प्रात्यक्षिकाला इलेक्ट्रॉनिक स्टेथोस्कोप चालेल का, हे आम्ही दीड महिना आधी लेखी विचारलं. होकार परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी आला. तोवर तिनं नेहमीच्या स्टेथोस्कोपनं, मशीन काढून, बीपी घ्यायचा सराव घरी भावावर करून ठेवला होता. बाहेरच्या परीक्षक बाईंनी स्टेथोस्कोप हातात घेऊन पाहिला, किंमत विचारली आणि पुढचा प्रश्न विचारला. ती पास झाली.

आता आठवं सेमिस्टर, २२ आठवड्यांची इंटर्नशिप. त्यातला मिडवाइफरीचा भाग दुसऱ्या हॉस्पिटलात आहे, तिथल्या सिस्टर वेगळ्या, सगळं पहिल्यापासून सांगायचं. या वेळी तिनं स्वतः पानभर लिहून दिलं आहे. तिला काय ऐकू येतं, काय नाही, मशीन बंद पडलं तर ती काय करेल. केस वर बांधून गेली होती त्या दिवशी पान द्यायला. मी पोस्टिंगच्या पंधरा दिवस आधी तिथल्या इन्चार्जांची वेळ घेतली आहे. कॉलेजच्या नावानं एक इलेक्ट्रॉनिक स्टेथोस्कोप घ्यावा म्हणून टाकलेली फाइल तीन कोटेशनं हवीत असा शेरा मारून परत आली. दोन मिळाली आहेत.